तीन कोटींनी परिशुद्ध : भिक्षापात्रातील अन्नाचा इतिहास

वर्षावासाच्या काळात विहारात भोजनदानाची वही ठेवलेली असते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोणत्या दिवशी कोणाचे दान, हे तीत लिहिले जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका विहारातील वहीच्या पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा ओढून, 'भोजन शुद्ध शाकाहारीच असावे' अशी सूचना लिहिली गेली. त्याच वर्षी एका वृद्ध उपासिकेने आणलेला डबा व्हरांड्यातच बाजूला ठेवण्यात आला; कारण त्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर सुक्या बोंबलाचे कालवण होते. त्या बाईंना वाचता येत नव्हते. कोणी त्यांना रागावले नाही. परंतु डबा आत गेला नाही एवढे त्यांना कळले. पदराला हात पुसून त्या सभेत अगदी मागे जाऊन बसल्या.

सूचना लिहिणारे कार्यकर्ते वाईट माणसे नव्हती. विहारात प्राण्यांविषयी करुणा दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु आमचे लक्ष 'शाकाहारी' या शब्दापेक्षा त्याच्या आधीच्या 'शुद्ध' या शब्दाकडे गेले. अन्नाच्या संदर्भात शुद्धीचा शब्द बौद्ध वाङ्मयातही आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ काय आणि वहीतल्या त्या ओळीत तो कोठून आला, याचा शोध घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा गोषवारा होय.

पालि विनयातील शब्द आहे 'तिकोटिपरिसुद्ध', म्हणजे तीन बाजूंनी परिशुद्ध. मज्झिम निकायातील जीवक सुत्तात त्याचा खुलासा येतो. राजगृहातील आपल्या आम्रवनात वैद्य जीवक तथागतांना विचारतो की, श्रमण गौतमासाठी लोक प्राणी मारतात आणि तो ते जाणूनबुजून खातो असे बोलले जाते, ते खरे आहे काय? तथागत हा आरोप नाकारतात आणि कसोटी सांगतात. भिक्षूने आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला असेल, तसे ऐकले असेल अथवा तशी शंका त्यास आली असेल, तर ते मांस त्याने घेऊ नये. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर घ्यावे. त्याच सुत्ताच्या शेवटी, भिक्षूसाठी प्राणी मारणाऱ्याला पाच प्रकारे पाप लागते असे सांगितले आहे, आणि त्या पाचांत प्राण्याला गळ्याला बांधून ओढत आणताना होणारी वेदना वेगळी मोजली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भारतात जनावराच्या त्या वेदनेची स्वतंत्र मोजदाद करणारा ग्रंथ दुसरा कोणता आहे, हे आम्ही अद्याप शोधतो आहोत.

येथे शुद्धी पदार्थाची नाही. ती त्या अन्नामागील कृतीची आणि हेतूची आहे. मांस म्हणून मांस अपवित्र, हा विचारच या कसोटीत नाही. सुत्तनिपातातील आमगन्ध सुत्तात हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे येते. 'आमगन्ध' म्हणजे कच्च्या मांसाचा दर्प. एक ब्राह्मण मांसभोजनाला आमगन्ध म्हणतो. काश्यप बुद्ध त्याला उत्तर देतात की हिंसा, चोरी, असत्य, कपट हाच खरा दर्प आहे, मांसभोजन नव्हे.

महावग्गात वैशालीच्या सीह सेनापतीची कथा आहे. हा लिच्छवी सेनानी पूर्वी निगंठांचा अनुयायी होता. धम्माचा स्वीकार केल्यावर त्याने भिक्खुसंघाला भोजनास बोलावले आणि बाजारात तयार मिळेल ते मांस, ज्याला पालीत 'पवत्तमंस' म्हणतात, आणण्यास माणूस पाठविला. तेव्हा निगंठ हात वर करून चौकाचौकांत ओरडत फिरले की, सीहाने मोठे जनावर मारून श्रमण गौतमासाठी शिजविले आहे. अन्नावरून एखाद्याची बदनामी करण्याची ही रीत किती जुनी आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. भिक्षूला उद्देशून मारलेले, म्हणजे 'उद्दिस्सकत' मांस घेऊ नये, हा नियम या प्रसंगी सांगितला गेला.

वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेची कथा याहून करुण आहे. आजारी भिक्षूला मांसाचा रस्सा हवा होता. त्या दिवशी नगरात प्राणिवधास बंदी असल्याने मांस कोठेच मिळाले नाही. तेव्हा दिलेला शब्द पाळण्यासाठी तिने आपल्याच मांडीचे मांस कापून दिले. यावरून मनुष्यमांसास आणि त्या अनुषंगाने हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, चित्ता, अस्वल, तरस यांच्या मांसास मनाई झाली. या दहांच्या यादीत गाय नाही, बैल नाही, डुक्कर नाही. हत्ती आणि घोडा वगळण्याचे कारण ते राजाचे अंग आहेत असे दिले आहे. कुत्रा व साप यांना लोक किळसवाणे मानीत. हिंस्र पशूंचे मांस खाणाऱ्या भिक्षूवर वासाने ते पशू अरण्यात चालून येत. कारणे व्यवहारातील आहेत.

दुधातुपाचे स्थानही येथे पाहण्यासारखे आहे. मेंडक श्रेष्ठीच्या प्रसंगानंतर दूध, दही, ताक, लोणी आणि तूप या पाच गोरसांना अनुमती मिळाली. परंतु भिक्षूने स्वतःसाठी मागून घेऊ नये अशा उंची पदार्थांची जी यादी पाचित्तिय नियमांत आहे, तिच्यात तूप, लोणी, तेल, मध, काकवी, मासे, मांस, दूध आणि दही हे नऊ पदार्थ एकाच ओळीत बसविले आहेत. आजाऱ्याला सूट आहे. तूप आणि मासळी एका पंक्तीत! आज ज्या घरात तुपाची वाटी देवापुढे आणि मासळीची पाटी उंबऱ्याबाहेर असते, त्या घरातील माणसाला ही यादी कळणारच नाही. कारण ती जिभेच्या लोभाची यादी आहे, सोवळ्याची नव्हे. लसणाचेही तसेच. भिक्खुनींना लसूण वर्ज्य झाला, तो तामसी म्हणून नव्हे. एका शेतकऱ्याने मोकळ्या मनाने दिलेल्या परवानगीचा फायदा घेऊन थुल्लनंदा आणि तिच्या सोबतिणींनी त्याचे शेतच रिकामे केले म्हणून.

याच विनयात भिक्षूला झाडझुडूप तोडण्यास व माती खणण्यास मनाई आहे. वर्षावासाची प्रथाच मुळी, पावसाळ्यात हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवीत श्रमण फिरतात, या लोकांच्या तक्रारीवरून सुरू झाली. तेव्हा या विनयाला जीवदयेची पर्वा नव्हती असे कोणी म्हणू नये.

मग मांस सर्वस्वी वर्ज्य करा, असे संघात कोणी म्हटलेच नाही काय? म्हटले, आणि म्हणणारा देवदत्त होता. चुल्लवग्गातील संघभेदाच्या प्रकरणात त्याच्या पाच मागण्या आहेत : भिक्षूंनी आजन्म अरण्यात राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, झाडाखाली राहावे, आणि मासे व मांस खाऊ नये. तथागत या मागण्या मान्य करणार नाहीत हे देवदत्ताला आधीच ठाऊक होते, आणि लोक कडक आचरणाला भुलतात हेही ठाऊक होते. ग्रंथात त्याचा हा हिशेब उघड सांगितला आहे. तथागतांनी उत्तर दिले की ज्याला हवे त्याने अरण्यात राहावे, ज्याला हवे त्याने गावाजवळ. झाडाखाली आठ महिने राहण्यास अनुमती आहे. आणि मांसाविषयी तीच तीन बाजूंची कसोटी त्यांनी पुन्हा सांगितली. एखाद्याने स्वतःहून मांस सोडण्यास त्यांचा विरोध नव्हता. ती निवड सर्वांवर लादून तिच्यावरून श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यास होता, असा आम्ही याचा अर्थ लावतो.

सम्राट अशोकाकडे वळलो की धोरणाला राज्यसत्तेचे हात येतात. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. या लेखाचे आम्हांस नेहमी नवल वाटते. जगातल्या कोणत्या सम्राटाने आपल्या स्वयंपाकघराचा असा प्रामाणिक हिशेब दगडावर कोरून ठेवला आहे? 'आम्ही सोडले' अशी घोषणा करणे सोपे होते. 'अजून तीन उरले आहेत' हे लिहिणे अवघड. आपल्या सोपाऱ्याला 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजांच्या शिकारीच्या यात्रा बंद होऊन धम्मयात्रा सुरू झाल्याची वार्ता देणारा लेख तो हाच.

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरच्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार अशा अनेक जीवांना अभय दिले आहे. गाभण अथवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्ले मारू नयेत, कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, ठरावीक तिथींना मासे मारू अथवा विकू नयेत, अशी बारीकसारीक कलमे त्यात आहेत. मांसाहारावर सरसकट बंदी मात्र नाही. मोकळा सोडलेला वळू यादीत आहे, गाय नाही. डॉ. बाबासाहेबांनी आपल्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले आहे. विदर्भातील वाचकांना जवळचे म्हणून येथे चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकच्या शिलालेखाचाही उल्लेख करतो. म. म. वा. वि. मिराशी यांनी अभ्यासिलेल्या या लेखात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे.

यानंतरच्या काही शतकांत चित्र पालटले. लंकावतार आणि महायान परिनिर्वाण ही सूत्रे मांसभोजनाचा उघड निषेध करतात. या दोहोंची चिनी भाषांतरे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, तेव्हा हा विचार तोपर्यंत भारतात प्रौढ झालेला असला पाहिजे. असे का झाले असावे? आमचे मत असे की, दारोदार फिरून मिळेल ते घेणाऱ्या भिक्षूला 'हे माझ्यासाठी मारले नाही' असे म्हणता येत होते. परंतु जमिनी, कोठारे आणि स्वतःचे स्वयंपाकघर असलेल्या मोठ्या विहाराला ते म्हणणे जड जाऊ लागले. रोज शेकडो भिक्षू जेवणार हे ज्या गावाला ठाऊक आहे, तेथे कोणासाठी मारले हा प्रश्न शब्दच्छल ठरतो. ह्युएन त्संग मगधातील एका हंसस्तूपाची कथा सांगतो. तिथले भिक्षू तीन बाजूंनी शुद्ध असे मांस घेत. एके दिवशी मांस न मिळाल्याने एकजण आकाशातील हंसांकडे पाहून थट्टेने काही बोलला, आणि एक हंस त्याच्यापुढे मरून पडला. लाजलेल्या भिक्षूंनी त्या हंसावर स्तूप बांधला. महायानी करुणेचा हा प्रवाह खरा आहे आणि तो बौद्धांचाच आहे. त्याला ब्राह्मणी उसनवारी म्हणून उडवून लावणे आम्हांस मान्य नाही.

चीनमध्ये लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने (कारकीर्द 502 ते 549) भिक्षु-भिक्षुणींना मद्यमांस सोडण्याची आज्ञा केली, आणि 517 मध्ये पितरांच्या यज्ञातील पशूंच्या जागी कणकेच्या आकृती आणविल्या. तेथील विहारांचे भोजन तेव्हापासून शाकाहारी राहिले. सोयाबीनचे टोफू आणि गव्हाचे सत्त्व यांवर त्यांनी एक संपूर्ण पाकशास्त्र उभारले. त्यात दूध जवळजवळ नाही. चीनमध्ये फार मान्यता पावलेले शूरंगम सूत्र तर दूध, दही, तूप, रेशीम आणि चामड्याचे जोडेही टाळण्यास सांगते. इंग्लंडमध्ये 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन' हा शब्द घडविला; त्या शब्दामागील आचार बौद्ध विहारांत त्याच्या हजार वर्षे आधी सांगितला गेला होता.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. ती आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे आणि तेथे आम्ही अधिक थांबणार आहोत.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान मध्यदेशातून गेला. तो लिहितो की येथे लोक प्राणी मारीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदालसूण खात नाहीत. बाजारात खाटकाचे वा मद्याचे दुकान नाही. अपवाद एकच, चांडाळ. ते गावाबाहेर राहतात, नगरात शिरताना लाकूड वाजवितात म्हणजे लोक दूर होतील, आणि शिकार करणे व मांस विकणे हे काम तेवढे त्यांचे. सातव्या शतकात ह्युएन त्संगही खाटीक, कोळी, जल्लाद अशांची घरे खुणा करून नगराबाहेर ठेवलेली पाहतो. आमच्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांत फाहियानचे पहिले वाक्य सुवर्णयुगाचे वर्णन म्हणून येत असे. लाकूड वाजविणारा माणूस मात्र त्याच परिच्छेदात असूनही आमच्या कानी फार उशिरा आला. ज्या नगरात कोणीच मांस खात नाही, तेथे चांडाळ मांस विकतो कोणाला? हा साधा प्रश्नही आम्हांस कोणी विचारू दिला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हे कोडे सोडविले. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : ब्राह्मण एकेकाळी गोमांस खाणारे व यज्ञात पशू मारणारे होते. बौद्ध भिक्षूंनी जनमानसात मिळविलेले स्थान परत घेण्यासाठी त्यांनी गोमांस सोडले, एवढेच नव्हे तर भिक्षूंच्याही पुढे एक पाऊल टाकून ते शाकाहारी झाले. कारण भिक्षू तर तिकोटिपरिशुद्ध मांस घेत होते. गावाबाहेर वसलेली वाताहत झालेली माणसे बौद्ध होती. ती दरिद्री असल्याने मेलेल्या गाईचे मांस खात राहिली, आणि त्यात त्यांनी कोणाला मारले नव्हते. बौद्धांविषयीचा द्वेष आणि गोमांस या दोन मुळांतून, सुमारे इसवी सन 400 च्या काळात, अस्पृश्यता उगवली. या सिद्धान्ताच्या तपशिलावर विद्वानांनी वाद घातले आहेत आणि पुढेही घालतील. परंतु आहाराच्या शुद्धीची कल्पना आणि माणसाच्या अशुद्धीची कल्पना या जुळ्या आहेत, हे त्यांनी दाखविले ते खोडता आलेले नाही.

हा रोग केवळ ब्राह्मणी समाजाचा आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. जपानमध्ये तेम्मु सम्राटाने 675 साली, वर्षातील ठरावीक महिने, गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली. शतकानुशतके तेथे पशूंचे मांस निषिद्धाच्या सावलीत राहिले. पण चामडे तर सामुराईच्या चिलखताला लागतच होते. ते कमावणाऱ्यांना, मेलेली जनावरे उचलणाऱ्यांना 'एता' म्हणून वेगळ्या वस्त्यांत कोंडले गेले. 1871 साली कायद्याने तो भेद रद्द झाला. पुढच्याच वर्षी भिक्षूंना मांसभोजनाची मोकळीक मिळाली आणि मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्या वस्त्यांतील लोकांना मात्र 1922 मध्ये स्वतःची समता संघटना, 'सुइहेइशा', उभारावी लागली. आपल्या महाडच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. जपानात ब्राह्मण नव्हते, मनुस्मृती नव्हती. बौद्ध विहार होते.

याच्या मुळाशी असलेली अडचण आपण झाकू नये. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत मांसाचा व्यापार आहे. मांस खाण्यास मनाई नाही, विकण्यास आहे. मग विकणारा कोण? बौद्ध देशांनी याचे उत्तर आपल्या सोयीने दिले. ल्हासात खाटीककाम बरेचसे मुसलमान कुटुंबांकडे राहिले. खाणाऱ्याचे शील शाबूत, आणि सुरी दुसऱ्याच्या हाती! याविषयी उपासकांनी आपापल्या मनाशी विचार करणे बरे.

महाडला 19 आणि 20 मार्च 1927 रोजी परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांच्या स्मरणात आहे. मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, हा बाबासाहेबांचा त्याच परिषदेतील उपदेश तुलनेने कमी स्मरला जातो. तो उपदेश जीवदयेचा नव्हता. मेलेल्या जनावराला मारण्याचा प्रश्नच नसतो, तिकोटीच्या कसोटीवर ते मांस पूर्ण निर्दोष ठरले असते. तरीही ते सोडा, असे त्यांनी सांगितले. कारण ते मांस फरफटत नेण्याच्या सक्तीच्या कामाशी, बलुत्याशी, मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांशी बांधलेले होते. खेड्यापाड्यांतील आमच्या वडीलधाऱ्यांनी ते सोडले, आणि ढोरे ओढणे नाकारल्याबद्दल गावोगाव बहिष्कार सोसले. चान्या वाळत घालण्याच्या दोऱ्या त्यांनी स्वतः काढल्या. ज्या दुष्काळात या वाळविलेल्या मांसाने पोरे जगविली होती, त्याची आठवण असूनही काढल्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातील या अन्नाची नोंद झाली, हे चांगले झाले. कारण सोडलेल्या अन्नाची लाज बाळगणे आणि ते का सोडले हे जाणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया आहे, चोरी, असत्य आणि मद्य यांचा त्याग आहे; शाकाहाराची प्रतिज्ञा नाही. हे विस्मरणाने राहिले असे मानण्यास जागा नाही. त्याच काळात पूर्ण झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेब अहिंसेची चर्चा करताना देवदत्ताचा आग्रह तथागतांनी नाकारल्याचे आवर्जून सांगतात, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे म्हणतात. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते, नियम त्याची सुटका करतो. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या 1940 च्या सुमाराच्या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहून केवढा रोष ओढवून घेतला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. चुंदाच्या घरच्या 'सूकरमद्दव' या शब्दाचा अर्थ डुकराचे मऊ मांस की एखादे कंद-अळंबे, याविषयी अट्ठकथाकारांतच मतभेद होते; कोसंबींनी पुरावा समोर ठेवला आणि लोकांनी पुराव्याऐवजी लेखकावर राग काढला.

2015 मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या वधावरही बंदी आली. गोवधबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. त्याआधी वर्षभर, 2014 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक प्रौढ माणसे मांसाहारी असल्याचे दिसून आले होते. तरीही घर भाड्याने देताना, शाळेत डबा उघडताना, 'शुद्ध' हा शब्द अल्पसंख्येच्या तोंडून बहुसंख्येला ऐकविला जातो. तोच शब्द आपल्या वहीत, आपल्याच अक्षरात उमटला, याचे आम्हांस वाईट वाटले.

त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगून टाकतो. वर्षावासास आलेले भन्ते स्वतः कित्येक वर्षे मासे-मांस घेत नाहीत. व्हरांड्यातील डब्याविषयी त्यांना कळले तेव्हा त्यांनी तो आत मागविला, दोन्ही हातांनी स्वीकारला, त्यातील भाकरी आपल्या पात्रात घेतली आणि कालवण शेजारच्या भिक्षूंकडे सरकविले. अनुमोदन करताना त्या उपासिकेचे नाव त्यांनी सर्वांत आधी घेतले. दुपारी कार्यकर्त्यांची त्यांच्याबरोबर बराच वेळ चर्चा झाली. ती शांतपणे झाली असे आम्ही म्हणणार नाही. पुढच्या वर्षावासाला नवी वही आली. तिच्यात दात्याचे नाव, तारीख आणि किती जणांचे भोजन, एवढेच तीन रकाने आहेत.